पडद्याच्या तळाशी

दुपारचा खेळ. पडद्यावरची बाई जिना उतरून केव्हाच निघून गेली आहे, रिकाम्या पायऱ्यांवर ऊन पडलंय, आणि तिचं वाक्य खाली अजून उभंच आहे. पाहुणे गेले तरी त्यांची छत्री दारात राहावी, तसं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं आणि ते पटकन पुसलं जातं. सगळा मिळून दोन सेकंदांचा उशीर. सिनेमा जपानी, वाक्य इंग्रजी, आणि बोट मागच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसलेल्या कुणा विद्यार्थ्याचं.

सबटायटल हाताने पुढे सरकवणारा माणूस आता फारसा कुठे उरलेला नाही. मल्टिप्लेक्समध्ये तो कधी नव्हताच. सापडलाच तर महोत्सवांत सापडतो, नाहीतर विद्यापीठांच्या थिएटरात. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पॅसिफिक फिल्म आर्काइव्ह आहे. 2016 पासून त्याचा मुक्काम विद्यापीठाच्या जुन्या छापखान्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रती 1945 साली याच छापखान्यात छापल्या गेल्या. आता तिथे 232 खुर्च्यांचं थिएटर आहे, आणि जपानबाहेरच्या जपानी चित्रपटांच्या मोठ्या साठ्यांपैकी एक या संस्थेकडे आहे. इकडे शिकागो विद्यापीठातली डॉक फिल्म्स विद्यार्थीच चालवतात. तिचं मूळ 1932 पर्यंत मागे जातं. सत्र चालू असलं की जवळजवळ रोज सिनेमा, आणि तिकिटं देण्यापासून प्रोजेक्टरमध्ये फिल्म ओवण्यापर्यंत सगळी कामं पोरापोरींनी वाटून घेतलेली.

अशा जागांना परदेशी संग्रहालयांकडून कधीकधी अशी प्रिंट येते, की जिच्यावर एक अक्षर इंग्रजी नसतं. तिच्यावर सबटायटल छापायची सोय नाही, कारण प्रिंट दुसऱ्याची आणि बहुतेक वेळा तेवढी एकच धड उरलेली. आणि छापायचं म्हणजे खरं तर छापायचं नसतंच, खोडायचं असतं. 35 मिलिमीटरच्या फिल्मवरची पांढरी अक्षरं पांढऱ्या शाईची असतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिथे भोक असतं. चित्राचा थर अक्षराच्या आकारात काढून टाकलेला असतो, खालचा पारदर्शक पट्टा उघडा पडतो आणि प्रोजेक्टरचा दिवा त्यातून सरळ आरपार येतो. जुनी रीत अशी: फिल्मवर मेणाचा पातळ लेप द्यायचा, त्यावर अक्षरांचा तापलेला ठसा दाबायचा, मेण वितळलं त्या जागी ब्लीचने थर खाऊन टाकायचा, मग धुवायचं. द्रावणात जास्त वेळ राहिलं तर अक्षरांचे काठ फुगतात, कमी राहिलं तर पांढऱ्याचं मळकट होतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये हे काम लेझरने होऊ लागलं आणि अक्षरं रेखीव झाली. पण हिशेब तोच राहिला. सेकंदाला 24 फ्रेम, एका फुटात 16. म्हणजे दोन सेकंदांच्या ‘मी उद्या येते’साठी तीन फूट फिल्म, आणि त्यातल्या 48 फ्रेमपैकी प्रत्येकीवर तेच वाक्य कोरायचं.

भोक म्हटलं की बर्फाचं दुखणं लगेच कळतं. पडद्यावर बर्फ पडलं, पांढरं टेबलक्लॉथ आलं किंवा नर्स आली, की अक्षरं गडप. पांढऱ्यात पांढरं. स्वीडनच्या नाहीतर रशियाच्या थंडीतलं घरगुती भांडण बघताना आपण निम्मी वाक्यं नुसत्या अंदाजाने पुरी करतो, आणि बऱ्याचदा आपला अंदाज मूळ संवादापेक्षा बरा असतो, असं माझं मत आहे.

तर त्या विद्यार्थ्याकडे येऊ. त्याच्यासमोर एक यादी असते. बोलक्या चित्रपटाची असेल तर हजार-दीड हजार वाक्यांची, प्रत्येकाला क्रमांक. दोनच बटणं खऱ्या कामाची: पुढचं आणि कोरं. पुढचं दाबायचं ते पात्राच्या पहिल्या अक्षरावर. आधी दाबलं की विनोद फुटतो, पडद्यावरचा माणूस अजून तोंड उघडतोय तोवर सगळं थिएटर हसून मोकळं. फार उशिरा दाबलं की वाचायला वेळ उरत नाही. दोन ओळींच्या वर मजकूर नको, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि दोन्ही ओळी भरलेल्या असल्या तर सहा सेकंद तरी हवेत. माणूस बोलतो त्याच वेगाने डोळ्यांना वाचता येत नाही, त्यामुळे मूळ संवादातला बराच भाग अनुवादातच गळालेला असतो. तो गळला हे कुणाला कळत नाही, ही त्यातली सोय.

घोटाळा होतो तो रिळाच्या टोकाशी. साधारण वीस मिनिटांचं एक रीळ. प्रत्येक खेळाला त्याचं टोक प्रोजेक्टरमध्ये ओवलं जातं, कधी जोडलं जातं, सोडवलं जातं, तिथेच फिल्म झिजते, तुटते आणि दोन-चार फूट कापून पुन्हा चिकटवली जाते. म्हणजे यादीत 412, 413, 414 ही वाक्यं आहेत आणि प्रिंटमधून ती कधीच उडून गेली आहेत. ऑपरेटरला जपानी येत नसेल तर ऐकू आलेला पुढचा आवाज त्याला 412 वाटतो. तिथून सगळं घसरायला लागतं. बापाचं उत्तर मुलीच्या तोंडी, डॉक्टरचं निदान वेटरच्या तोंडी. प्रेक्षकांना तीन-चार वाक्यं संशय येत नाही, कारण हा कलात्मक सिनेमा आहे, असेल बाबा काहीतरी!

यावर उपाय आहे, आणि तो घरचा अभ्यास करण्याचा आहे. सिनेमा आदल्या रात्री एकदा पूर्ण बघायचा. यादीत विशेषनामं आणि आकडे लाल करून ठेवायचे. न कळणाऱ्या भाषेतही ओसाका, योशिको हे कानाला सापडतं. शिट्टी, दार लागणं, कुत्रा भुंकणं यांच्या खुणा समासात लिहायच्या. वाट चुकलीच तर अंदाज करत बसायचं नाही, कोरं दाबायचं आणि पुढच्या लाल खुणेची वाट पाहायची. चुकीच्या वाक्यापेक्षा मोकळा पडदा बरा. नवशिक्याला नेमकं हेच जमत नाही. मोकळ्या पडद्याची त्याला लाज वाटते.

अजून एक बारकी कटकट. ही अक्षरं दुसऱ्या, लहान प्रोजेक्टरने टाकतात, आणि डिजिटल प्रोजेक्टरचं काळं हे काळं नसतं. अंधाऱ्या दृश्यात चित्रावर एक राखाडी चौकट तरंगत राहते. कुणीतरी चहाची ओली कपबशी टेबलावर ठेवून उचलली असावी, तशी. म्हणून लेन्ससमोर काळ्या पुठ्ठ्याची झडप लावतात, अक्षरांपुरती फट ठेवून. नाहीतर पडद्याच्या खाली वेगळी पट्टी लावतात. पण पट्टी लावली की पुढच्याच्या डोक्याचा प्रश्न येतो.

पुढच्याचं डोकं हा तर स्वतंत्र विषय आहे. विद्यापीठांतली बरीच थिएटरं मुळात व्याख्यानांची सभागृहं, चढ बेताचा. डोकं चित्राचा जो भाग खातं तो नेमका तळाचा, मधला, म्हणजे जिथे वाक्य असतं तोच. एक ओळीची सबटायटल्स तर पुरी अंबाड्यामागे. त्यामुळे मधोमध बसायचा हट्ट धरणारे लोक मला कळत नाहीत. एक खुर्ची सोडून, किंचित कडेला, दोन डोक्यांच्या मधल्या खिंडीसमोर बसावं. जपानी लोकांनी हा प्रश्न मुळातच सोडवला होता. त्यांच्या थिएटरात परदेशी सिनेमांची सबटायटल्स परंपरेने उभी, पडद्याच्या उजव्या कडेला. कुणाचं डोकं आड येत नाही. बेल्जियमने उलटं केलं. एक ओळ फ्रेंच, एक डच, दोन्ही एकाच वेळी तळाशी. तिथे पुढे उंच माणूस बसला तर दोन भाषा एकदम जातात.

आपल्याला ही तळाशी बघायची सवय लागली ती मात्र थिएटरात नव्हे. रविवारी दुपारी दूरदर्शनवर आधी मूकबधिरांसाठीच्या बातम्या लागायच्या आणि मग प्रादेशिक चित्रपट. बंगाली, मल्याळी, असमिया, खाली इंग्रजी. जेवणं झालेली, पंखा चालू, अर्धं घर पेंगलेलं. जुना टीव्ही चित्राच्या कडा खायचा, त्यामुळे ओळीचं पहिलं अक्षर गायब. ‘मदर’ आहे की ‘अदर’ यावर घरात मतभेद. आणि घरोघरी एक तरी आजी, जिला इंग्रजी यायचं नाही आणि झोपायचंही नसायचं. “काय म्हणाली रे ती?” मग ज्याचं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं ते पोर वाचून सांगणार. चार ओळींचा संवाद, आणि याचा अनुवाद: “रागावलीय.” पुढचे चार: “अजून रागावलीय.” पडद्यावर आई नदीकाठी मुलाला जाळून परत यायची आणि इकडे पोर सांगायचं, “गेला तो.” आजी मग स्वतःच बघायची. तिला सांगायची गरज बहुतेक वेळा नव्हतीच.

उशिरा सांगणारं बोट आपल्याला एवढं ओळखीचं का वाटतं, ते इथे असावं. पण ते राहू दे.

डिजिटल आलं आणि भोकं बुजली. आता सिनेमा हार्डडिस्कवर येतो किंवा खाली उतरवून घेतात, आणि सबटायटल्सची वेगळी फाइल असते, सर्व्हर म्हणजे थिएटरातला सिनेमा चालवणारा संगणक ती चित्रावर चढवतो. काम सोपं झालं, चुका मात्र जास्त निर्दय झाल्या. फाइलच्या नावात भाषेची जागा ठरलेली: आधी आवाजाची, मग सबटायटलची. ‘जेए-ईएन’ म्हणजे जपानी आवाज, इंग्रजी सबटायटल. ‘जेए-एक्सएक्स’ म्हणजे खाली काहीच नाही. आवाज मराठी असेल तर पहिल्या जागी ‘एमआर’. दुसरी अक्षरजोडी लहान लिपीत असेल तर सबटायटल चित्रातच मुरलेलं, काढता येणार नाही. आणि प्रत्येक आवृत्तीचं कुलूप वेगळं. किल्ली येते ती एका आवृत्तीची, एका सर्व्हरसाठी, ठरलेल्या तासांपुरती. डिस्कवर दोन्ही आवृत्त्या आहेत पण किल्ली ‘एक्सएक्स’ची आली, हे शुक्रवारी संध्याकाळी उघडकीला आलं, तर कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा आणि बर्लिनला पहाटेचे तीन. फोन कुणाला करणार?

म्हणून बुधवारीच चालवून बघतात. इथेही एक मेख आहे. नवशिका पहिली दहा मिनिटं बघतो, चित्र आहे, आवाज आहे, म्हणून समाधानाने बंद करतो. या जातीच्या सिनेमात पहिली दहा मिनिटं कुणी बोलतच नाही. धुकं असतं, गाई असतात, एक माणूस सायकल ढकलत जातो. चाचणी घ्यायची ती चाळिसाव्या मिनिटाला, जेवणाच्या टेबलाशी.

फिल्मच्या काळातला एक जुना पेच मात्र अजून उभा आहे: चौकट. जुने सिनेमे चौकोनी, रुंदी-उंची 1.37 ला 1. त्याला प्रोजेक्टरमध्ये चुकून 1.85 ची पट्टी, म्हणजे चित्राची चौकट ठरवणारी खिडकीची पत्री, लावली की चित्राची चौथाईहून थोडी जास्त उंची कापली जाते, निम्मी वरून, निम्मी खालून. वरून केस जातात, खालून वाक्यं. मग प्रोजेक्शनिस्ट फ्रेमिंगची खुंटी फिरवतो. वाक्यं आली की कपाळं गेली, कपाळं आली की वाक्यं गेली. योग्य पट्टी आणि योग्य लेन्स जागेवर असणं, एवढंच यावरचं औषध. चांगल्या विद्यापीठीय थिएटरची परीक्षा भिंतीवरच्या पोस्टरांनी होत नाही, प्रोजेक्टरजवळच्या खोक्यात अशा किती पट्ट्या आहेत त्यावर होते.

आपले सिनेमे तिकडे लागतात तेव्हा आपण खाली बघतो, ही गंमत आहे. मराठी ऐकू येत असतं, गरज काहीच नसते, तरी डोळा तळाशी जातोच. “अहो, ऐकलंत का?” हे ऐकायचं आणि खाली वाचायचं ‘लिसन’. त्या ‘अहो’त नवरा होता, सासर होतं, थोडी चिडचीड होती, चाळीस अक्षरांत काय काय बसवणार! ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलेली बाई इंग्रजीत ‘यू’वरच थांबलेली असते. ‘कोर्ट’ या 2014 च्या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा भाषा एकमेकींना धक्के देत फिरतात आणि मुंबई कळायची तर ते धक्केच कळायला हवेत. शिकागोत ते सगळं एकाच पांढऱ्या टाइपात. ‘फँड्री’ हा शब्द कैकाडी, अर्थ डुक्कर. तो तर महाराष्ट्रातही पुष्कळांना विचारावा लागला. अभंगाचं आणखी वेगळं. पहिल्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा सबटायटल येतं, पुन्हा आलं की बहुधा कोरं, कारण वाचकाला तेच ते कशाला. तिकडचा प्रेक्षक मग बुचकळ्यात पडतो: माणूस डोळे मिटून, अंग विसरून गातोय, आणि खाली काहीच नाही. हा नक्की काय म्हणतोय?

यादीतलं शेवटचं वाक्य अनुवादकाच्या नावाचं असतं. तोवर नामावली संपत आलेली, दिवे निम्मे लागलेले, लोक खुर्चीखाली हातमोजे शोधत असतात, कुणी दारात उभं राहून कुठे जेवायचं ते ठरवत असतं. मागच्या रांगेतला विद्यार्थी तरीही बटण दाबतो. नाव येतं. तो तीन सेकंद मोजतो, आणि कोरं.