चाळीस टक्के पाऊस

‘पावसाची शक्यता ४० टक्के’ असं मोबाईल सांगतो तेव्हा माझी पंचाईत होते. छत्री काही ४० टक्के नेता येत नाही. शेजारचे काका तर फोनवरच डाफरतात, “अरे, पडणार की नाही ते सांग ना एकदाचं!” आणि संध्याकाळी भिजून आले की मला ऐकवतात, “बघ, चुकलं तुझं हवामान खातं.” आता यात खात्याचं काय चुकलं? असा अंदाज दिलेल्या १०० दिवसांपैकी साधारण ४० दिवस पाऊस पडायलाच हवा. काका कधीच भिजले नाहीत तर खात्याने काळजी करावी. हे मी त्यांना समजावूनही सांगितलं. टॉवेलने डोकं पुसत त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

हो की नाही, एवढंच ऐकायची आपली सवय जुनी. कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला कळे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. देव ‘बहुतेक’ म्हणत नाही.

भेंडवळची घटमांडणी मात्र ‘बहुतेक’च्या जवळ जाते, म्हणून मला तिचं फार कुतूहल. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार १८ प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे पाहायचं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य जागचं हललं. मग निकाल: अमुक महिना साधारण, तमुक पीक मोघम. विड्यावरून राजाचंही भाकीत होतं, म्हणजे गादी टिकणार की डळमळणार. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता लागली होती, तेव्हा राजाबद्दल काही सांगितलं नाही. निवडणूक आयोगाचा धाक घटापर्यंत पोचतो, हे वाचून मला हसू आवरेना.

पण ‘साधारण’ खोटं कसं पाडणार? त्याच २०२४च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितला, पाच टक्के इकडेतिकडे होईल हेही सांगून ठेवलं. सरासरी म्हणजे ८७ सेंटीमीटर. पडला १०८ टक्के. आकडा दिला की सप्टेंबरअखेर कुणीही हिशेब मागू शकतो. गंमत म्हणजे विनोद होतात ते या हिशेब देणाऱ्यावरच. अर्थात देशाला १०८ टक्के पडला म्हणून आपल्या शिवारात पडला असं नाही, आणि पेरायचं असतं ते आपल्याच शिवारात.

कृषी विभाग म्हणतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. थांबावं तर पेरणी लांबते, घाई करावी तर दुबार पेरणीचं संकट आणि बियाण्याचा खर्च पुन्हा अंगावर. विदर्भ-मराठवाड्यातले कितीतरी कोरडवाहू शेतकरी घटाचंही ऐकतात, खात्याचंही ऐकतात, आणि सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन टाकतात. ऑगस्टात पावसाने दडी मारली आणि सोयाबीन हातचं गेलं, तरी तुरीची मुळं खोल असतात. परतीचा पाऊस बरा झाला तर ती तग धरते. नाहीच झाला, तर मग दोन्ही जातात.