वाढदिवसाचं पाकीट

दरवर्षी तेच. ऑफिसमधे कुणीतरी म्हणतं ट्रीट कधी, मी चहा-वडापाव मागवते, आणि मग खाता खाता कुणीतरी विचारतंच, तुम्ही लोक वाढदिवसाला चर्चमधे पैसे देता ना, ते कशाला, आणि जातात कुठे. जरा जवळचं माणूस असेल तर पुढचा प्रश्नही येतो, त्यातून धर्मांतर होतं का हो. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहून टाकते.

केक आम्ही कापतो, घरी मटण होतं, नवा ड्रेसही घेते मी. वाढदिवस करत नाही असं नाही. आमच्यातही काही जुनी माणसं म्हणतात की बायबलमधे वाढदिवस फक्त दोन राजांचा, मिसरच्या फारोचा आणि हेरोदाचा, एकाने त्या दिवशी आचाऱ्याला फाशी दिलं, दुसऱ्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात आणवलं, म्हणून ख्रिस्ती माणसाने तो करूच नये. मला ते कधी पटलं नाही. त्या दोघांनी आपल्या दिवशी दुसऱ्याचा जीव घेतला, तर आपण आपल्या दिवशी कुणाचं तरी थोडं हलकं करावं, मी त्यातून एवढंच घेते.

सवय लहानपणची. नगरला संडे स्कूलमधे वाढदिवस असला की पुढे जायचं आणि जितकी वर्षं झाली तितकी नाणी डब्यात टाकायची, बाकीची पोरं मोठ्याने मोजायची. मोठं झालं की डब्याच्या जागी पाकीट येतं, उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायचं. वाढदिवस झाला, पोराला नोकरी लागली, ऑपरेशन नीट पार पडलं, पाकीट द्यायचं, पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, उपासनेत नाव वाचतात आणि प्रार्थना करतात. नाव वाचलेलं बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. ते पैसे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, खात्यात जातात, त्यातून पाळकांचा पगार, लाइटबिल, छपराचं काम निघतं. आणि तेवढीच रक्कम मी बाहेर देते, कुठे डिस्चार्ज झालेला पेशंट बिलापायी अडलाय, कुणाची फी भरायची राहिलीय, असं. लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वच्छ सांगतो की मेजवानी देशील तर श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते उलट तुलाच बोलावतील आणि फिटंफाट होईल, ज्यांना फेड करता येत नाही अशांना बोलाव. माझी मेजवानी ती.

'तुम्हाला काय, बाहेरून पैसा येतो' हेही ऐकवलं जातं. परदेशी पैशाला सरकारचं एफसीआरए लायसन लागतं, आणि 2021 च्या नाताळच्याच दिवशी मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं रिन्यूअल नाकारलं गेलं होतं, जगभर बातमी झाली, जानेवारीत परत मिळालं. लहान संस्थांची बातमी होत नाही. आमची मंडळी आमच्या पाकिटांवर चालते, ज्यात कुणाचे पन्नास असतात आणि कुणाचे पाचशे.

आता खरं कारण. आमच्या घरात सांगतात ते असं, की माझ्या आजीची आई लहान असताना दुष्काळात केडगावला आणली गेली, दौंडजवळचं केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच उपासमारीने गेले होते, म्हणून 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे जाऊन मुली घेऊन आल्या, 1900 च्या आसपास गुजरातेतूनही आल्या. त्यातलीच एक पणजी. तिला तिचा वाढदिवस माहीत नव्हता, गावही नीट आठवत नव्हतं. गावात आम्हाला 'भाकरीसाठी बाटलेले' म्हणायचे, शाळेत मी ते ऐकलंय आणि घरी येऊन रडलेय. आज कुणी म्हटलं तर मी मान खाली घालणार नाही. भाकरी मिळाली म्हणून ती जगली आणि ती जगली म्हणून मी आहे. माझी जन्मतारीख आधार कार्डावर आहे, तिची कुठेच नव्हती, आणि त्या तारखेला हातात पैसे असताना मी फक्त हॉटेलात जाऊन आले तर मला तो दिवस भोगवत नाही. याला तुम्ही दान म्हणा, मला ते देणं वाटतं, मागचं राहिलेलं.

पण हे सगळं बोलायला सोपं आहे. माझ्याकडे स्वयंपाकाला ताई येतात (नाव लिहीत नाही). काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली आणि फी भरायची मुदत नेमकी माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात. ताई उचल मागत होत्या. मी म्हटलं उचल नको, माझ्या वाढदिवसाचे पैसे आहेत, हिच्या फीला घ्या, परत द्यायचे नाहीत. घरात दोन पाकिटं तयार होती, एक चर्चचं, एक हे, दोन्ही सारखीच, कोपऱ्यात छापलेलं बायबलचं वचन, 'देवाने जगावर एवढी प्रीती केली'. ताई रडल्या, मुलगी पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला वरच्यावर धरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. मुलीचा काका आणि त्याच्यासोबत दोन पोरं, मागे ती मुलगी. काकाने पाकीट चपलांच्या रॅकवर ठेवलं, आत या म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, मॅडम मोजून घ्या, पूर्ण आहेत. आम्ही गरीब असू पण देव विकणारे नाही. मी म्हटलं दादा, मी काय मागितलं का हिच्याकडे, चर्चला ये म्हटलं का कधी, आईला विचारा. तो म्हणाला आज नाही मागणार, शिक्षण झाल्यावर मागाल, आम्हाला माहितीये कसं चालतं. बरोबरच्या पोराने मोबाइल वर धरला होता, शूटिंग चालू होतं की नुसतं दाखवायला, मला आजही माहीत नाही. समोरच्या फ्लॅटचं दार थोडं उघडलं आणि परत लागलं. त्या घरात मी दर नाताळला करंज्या देते. ती मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती, दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, आणि मला तिला एवढंच सांगायचं होतं की तुझी फी उद्या भरायची आहे, पण तेवढंही बोलता आलं नाही. ते गेले. मी पाकीट मोजलं. का मोजलं ते सांगता येत नाही.

नंतर घरच्यांनी, पाळकसाहेबांनी, सगळ्यांनी एकच सांगितलं, साधं पाकीट वापरायचं होतंस. मला अजून पटत नाही ते. साध्या पाकिटात दिले असते तर घेतले असते, मान्य, पण मग मी कोण आहे ते लपवून दिले असते ना? शेजारची बाई गणपतीचा प्रसाद मला देते तेव्हा मी तिच्या हेतूवर संशय घेत नाही. रमाबाईंवर हेच आलं होतं, 1893 ला पुण्यात शारदा सदनावरून, म्हणजे त्यांच्या विधवांच्या शाळेवरून, वादळ झालं, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून, रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि बाईंचं म्हणणं एवढंच की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार लावून घेणार नाही, मुलींना यायचं तर येतील. मला ते लहानपणापासून बरोबर वाटत आलंय. आणि तरीही रात्री पडल्या पडल्या दुसरी बाजू दिसते. घेणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक कुठे असते? उद्या फी भरायची असताना कुणी पाकीट पुढे केलं तर ते वचनासकटच घ्यावं लागतं. त्या काकाने ते परत आणलं, त्याची भाषा चुकीची होती, पण पणजीला परत करता आलं असतं का, हा प्रश्न त्याच्यामुळेच माझ्या डोक्यात आला.

विशीतली मी म्हणायचे उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, नाव अजिबात नको. त्या विशीतल्या मला मी आज सांगेन की बाई, नाव नसलेले पैसे द्यायला तुला सोपे जातात कारण तुला दारात कुणी विचारत नाही. ती मला म्हणेल की तुला नाव हवंय. असेल. आमचं दोघींचं जमत नाही.

ताई अजून येतात कामाला. फी त्यांनी बचत गटातून उचलून भरली, मुलीचं पहिलं वर्ष झालं, पुढचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते परत आलेले पैसे मी दवाखान्यात भरले, कुणाच्या तरी बिलात गेले असतील.

आता मंडळीतलं पाकीट तेच आहे, वचनाचं, ते बदलणार नाही. बाहेरचे पैसे मी हातात देत नाही, थेट काउंटरला भरते, पावतीवर माझं नाव असतं, पेशंटला हवं असेल तर त्याने विचारावं, काउंटरवाले सांगतात. हे बरोबर आहे का माहीत नाही, काकाला हेही चाललं नसतं कदाचित. तुमच्यापैकी कुणी मला या वर्षी गिफ्ट काय हवं विचारत होतं, तर सरकारी असो, मिशनचा असो, कुठल्याही दवाखान्यात जा, बिलामुळे कोण अडलंय विचारा, जमेल तेवढे भरा. पाकीट तुमच्या आवडीचं घ्या.