मावशी ते ठीक, पण गार्डियन कोण?

बँकेतल्या मॅडमनी फॉर्म काचेखालून परत सरकवला आणि म्हणाल्या, तुम्ही मावशी आहात ते ठीक, पण गार्डियन कोण? मी म्हटलं मीच की, दोन वर्षं माझ्याकडंच आहेत पोरं. त्या म्हणाल्या तसं नाही हो, कागदावर कोण?

तर ही पोस्ट त्या कागदाबद्दल. बऱ्याच दिवसांपासून लिहायची होती, कारण नात्यातली पोरं सांभाळणारे आपल्याकडं खूप आहेत आणि प्रत्येकजण कुठल्यातरी काउंटरवर जाऊन हेच ऐकून येतो.

आमची गोष्ट थोडक्यात. ताई २०१९ ला कॅन्सरनं गेली, भावोजी २०२१ ला हार्ट अटॅकनं. मोठी तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा पाच (नावं लिहीत नाही, मोठी ओरडेल). ताईची सासू, म्हणजे पोरांची आजी, कराडजवळ गावाकडं एकटीच. गुडघे गेलेले, चुलीपुढं बसलं की उठवायला माणूस लागतं. म्हणून पोरं साताऱ्याला आमच्याकडं आली. कुणी ठरवलं वगैरे नाही, दहाव्याचं झालं आणि मी बॅगा भरल्या. सगळे म्हणाले माय मरो पण मावशी जगो. लोक चांगल्या मनानं म्हणतात पण खरं सांगू, मला ती म्हण अजिबात आवडत नाही, ज्याची माय गेलीय त्याच्यासमोर तरी म्हणू नका.

सुरुवातीला वाटलं कागदाचं काम झालं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज दिला, बाल कल्याण समितीपुढं पोरांना घेऊन गेलो, समितीनं ऑर्डर दिली आणि बालसंगोपन योजनेचे पैसे सुरू झाले. तेव्हा महिन्याला मुलामागं ११०० होते, २०२३ ला योजनेला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आलं आणि रक्कम २२५० झाली. वेळेवर येतात का, तर तो वेगळ्या पोस्टचा विषय. ती समितीची ऑर्डर मी लॅमिनेट करून ठेवली होती आणि सगळीकडं तीच दाखवायचे. शाळेत चालली. बँकेत नाही. कारण ती ऑर्डर पोरं कुणाकडं राहणार, त्यांची देखभाल कोण करणार एवढंच सांगते, पोरांच्या नावावरच्या पैशाला, जमिनीला हात लावायचा अधिकार त्यानं मिळत नाही.

आणि भावोजींनी मागं ठेवलं होतं ते सगळं असंच गुंत्यातलं. पतसंस्थेतल्या ठेवीला नॉमिनी कोण, तर ताई. ती त्यांच्या आधीच गेलेली, नाव बदलायचं राहिलं. (वाचताय ना? आज जाऊन तुमचे नॉमिनी बघा.) आणि चाळीस गुंठे जमीन. हिंदू वारसा कायद्यात माणूस गेला की मुलगा, मुलगी आणि आई सगळे एकाच पायरीवरचे वारस, म्हणून सातबाऱ्यावर तीन नावं लागली, आजी आणि ही दोघं. पोरांच्या नावामागं 'अज्ञान', म्हणजे कागदाच्या भाषेत अल्पवयीन, आणि पुढं 'अ.पा.क.' म्हणून परत आजीचंच नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मोठीनं तो उतारा वाचला आणि म्हणाली, मावशी, वर्गात पहिली येते आणि मी अज्ञान? त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मग वकील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, दत्तकच का घेत नाही? खरंच प्रश्न होता. मला स्वतःचा मुलगा आहे, त्यामुळं १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी चालते. बाल न्याय कायद्यातून मात्र नात्यातलं दत्तक होतं, मावशी त्यात बसते. पण आम्ही घरी बसून बोललो आणि मोठीनं एका वाक्यात विषय संपवला, मला पप्पांचं नाव काढायचं नाही. दत्तक म्हणजे दाखल्यावर आईबाप बदलणार. ताई आणि भावोजी गेलेत, पुसायचे नव्हते आम्हाला. म्हणून पालकत्व, १८९० च्या कायद्याखाली, हो १८९०, इंग्रजांच्या काळातला गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट, अजून तोच चालतो.

जिल्हा न्यायालयात अर्ज, पोरांचे जन्मदाखले, दोन्ही मृत्यूदाखले, माझी आणि नवऱ्याची इन्कम, पेपरात जाहीर नोटीस, आणि जवळच्या नातेवाइकांना कोर्टाची नोटीस. पोरांचा चुलता म्हणाला कागद कशाला, मी आहे ना. पण अडवलं नाही त्यानं, संमतीच्या अॅफिडेव्हिटवर सही करून दिली.

अडलं ते आजीपाशी. अर्जात मी अर्जदार आणि ज्यांना नोटीस जाते ते सामनेवाले, ही कोर्टाची भाषा. पण नोटीस घेऊन बेलिफ गावात गेला, शेजारच्या पोरानं मोठ्यानं वाचून दाखवली, सामनेवाले क्रमांक एक, आणि आजीचं नाव. संध्याकाळी तिचा फोन. "मी कवा तुझ्या सामनं आले गं? पोरं दिली की तुझ्याकडं. आता कोर्टातनं घेतीस व्हय?"

रविवारी गेलो. तिनं चहा केला नाही, यावरनं समजा. मी कलम-बिलम सांगत बसले, पतसंस्था सांगितली, ती नुसती पदर बोटाला गुंडाळत बसली होती. मग धाकटा तिच्या मांडीवर जाऊन बसला आणि म्हणाला आजी, मावशीला सही करता येत नाही म्हणून कोर्टात जायचंय. आजी म्हणाली, आगं मग मला पण येत न्हाई. तेव्हा कुठं हसली. अंगठा दिला, पण आधी वदवून घेतलं की मे महिन्यात पोरं गावाकडंच येणार. ते कुठल्याच ऑर्डरमध्ये नाही पण आम्ही मोडलेलं नाही.

कोर्टात मोठीला जजसाहेबांनी चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणं कोर्ट विचारात घेऊ शकतं, तसं कायद्यातच आहे. दहा मिनिटं मी बाहेर बाकावर बसून तिच्या दप्तराची चेन उघडझाक करत होते. काय विचारलं गं, तर म्हणे अभ्यास, जेवण, आणि मावशी मारते का. मी म्हटलं मग? "खरं ते सांगितलं." आजपर्यंत पुढचं सांगितलेलं नाही.

२०२४ ला ऑर्डर आली. अठरा वर्षांपर्यंत मी पालक, मुलांची आणि त्यांच्या मालमत्तेची. यात लोक एक चुकतात, पालक झालो म्हणजे मालक झालो असं नाही. पोरांच्या वाट्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांपेक्षा जास्त भाड्यानं पण देता येत नाही. आणि मला विचाराल तर हे बरंच आहे, माझ्यावर कुणाचातरी डोळा असलेला बरा.

परवा एकीनं विचारलं की ती नात्यात नसलेलं मूल फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता आपल्या घरी ठेवून, सांभाळते, तिचं कसं. तिथं रस्ता वेगळा, मूल समितीच्या देखरेखीखालीच राहतं. २०२४ च्या नव्या गाइडलाइन्समध्ये एकट्या व्यक्तीलाही फॉस्टर करता येतं, आणि पाचऐवजी दोन वर्षांनी दत्तकाचा अर्ज करता येतो. त्यामुळं आधी समितीकडं जा, वकिलाकडं नंतर.

कोर्टानं मला पोरांच्या पैशाचा हिशोब पण ठेवायला सांगितलाय. दोनशे पानी वही आणली, डावीकडं जमा, उजवीकडं खर्च. मे महिन्यात गावाहून परत निघताना आजीनं दोघांच्या हातावर पन्नास पन्नास ठेवले आणि मला म्हणाली, हे पण लिव्ह त्या कोर्टाच्या वहीत, माझ्या नावानं. वकिलांना विचारलं, म्हणाले गरज नाही. लिहिलंय मी, पान तीन, डावीकडं.