काट्यावरची चादर

सोलापुरात गड्ड्याची जत्रा ऐन रंगात आली होती. होम मैदानावरून परतणारी माणसं आमच्या चादरी-टॉवेलच्या दुकानात डोकावत होती आणि त्याच गडबडीत नाशिकहून एका ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. कॅटलॉगमधली मोराची चादर त्यांनी पाहिली होती. किंमत विचारली नाही. म्हणाल्या, "भाऊ, चादर जरा मुठीत घट्ट धरा. दहापर्यंत मोजा. आता सोडा. सुरकुती पडली का?"

पडली होती. मी फोन जवळ नेऊन दाखवली. "मग सूतच आहे," ताई म्हणाल्या. पॉलिस्टर मिसळलेलं कापड मूठ सोडली की पुन्हा सरळ होतं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

गेली चार वर्षं दुकानासाठी मी मोबाईलवर जी काही धडपड करतोय, ती सगळी त्या मुठीपाशी येऊन थांबते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक डोळ्यांनी माल घेतच नाही. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गादीवर बसून बांधलेला जुना हिशेब आहे: चादरीचा काठ बोटांत धरून चोळणारा घेणार, आणि नुसता रंग बघणारा "येतो जरा फिरून" म्हणून जाणार. मोबाईलवर सगळेच रंग बघणारे. काठ चोळायची सोयच नाही.

सुरुवातीला हे डोक्यात आलं नव्हतं. लॉकडाऊननंतर नवी पेठ पुन्हा उघडली, पण अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून जाताना चादरी घेणारी बाहेरगावची मंडळी लगेच परतली नाहीत. तेव्हा एका 'डिजिटल मार्केटिंग'वाल्या पोराला महिना आठ हजारांवर काम दिलं. त्याने काय केलं? गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. हनुमान जयंतीच्या हार्दिक शुभेच्छा. महाराष्ट्र दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. कोपऱ्यात आमच्या दुकानाचं नाव, एवढं बारीक की अण्णांनी भिंग मागितलं. तीन महिन्यांत चादरीचा एक फोटो नाही. लाईक करणारे सगळे त्याच्याच कट्ट्यावरचे मित्र. चौथ्या महिन्यात आम्ही त्याला हार्दिक शुभेच्छा दिल्या.

मग स्वतःच पोस्ट 'बूस्ट' केली, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दिसेल अशी केली. अख्खा महाराष्ट्र, वय अठरा ते पासष्ट, रोजचे दोनशे रुपये. मेसेजचा पाऊस पडला. सगळ्यांचा मजकूर एकच: "प्राइस प्लीज". दिवसभर किंमत टाइप करून अंगठा दुखायचा, आणि किंमत कळली की समोरचा गायब. किंमत लपवली तर लोक विचारतात, मग बोलणं सुरू होतं, असं त्या पोराने सांगितलं होतं. मी फोटोवरच किंमत छापली. मेसेज निम्म्यावर आले, विक्री होती तेवढीच राहिली. संध्याकाळी चहा प्यायला वेळ मिळू लागला, हा नफा वेगळाच.

पण खरी अडचण किमतीची नव्हतीच. 'सोलापुरी चादर' असं शोधून बघा. या नावाला जीआय मानांकन आहे, म्हणजे हे नाव कायद्याने सोलापूरच्याच मालाचं, तरी स्क्रीनवर अडीचशे रुपयांपासून 'सोलापुरी' दिसतात. फोटोत तीही मोराची, आमचीही मोराची. सातशेची चादर घ्यायला सांगणारा मी लुटारूच वाटणार. दुकानात हा प्रश्न अर्ध्या मिनिटात मिटतो: दोन्ही चादरी गिऱ्हाइकाच्या दोन हातांवर ठेवायच्या, बस्स.

शेवटी तेच केलं. समोरच्या किराणावाल्याचा वजनकाटा उचलून आणला. बाजारातून आणलेली एक स्वस्त चादर त्यावर ठेवली: ८६० ग्रॅम. ती काढून आमची ठेवली, मापाला तेवढीच: १ किलो ४७० ग्रॅम. एक शब्द बोललो नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. भाचीने शूट केलं, तेवीस सेकंदांचं रील. ते जितकं फिरलं तितकं आमचं दुसरं काही फिरलं नाही. फोन करणारे आता "वजन किती?" असं विचारू लागले. त्या दिवसापासून कॅटलॉगमध्ये प्रत्येक चादरीखाली ग्रॅममध्ये वजन लिहितो. काटा किराणावाल्याला परत करावा लागला, म्हणून स्वतःचा घेतला.

टॉवेलचंही तसंच. "तुमचा टॉवेल पाणी पीत नाही, फसवलंत," अशी तक्रार आली. नव्या टॉवेलला मऊपणासाठी जे फिनिशिंग दिलेलं असतं, ते एकदोन धुण्यांत निघतं, मग तो पाणी ओढायला लागतो. दुकानात आई हे प्रत्येकाला तोंडी सांगायची. ऑनलाइन कोण सांगणार? मग बादलीचं रील केलं: न धुतलेला टॉवेल पाण्यावर तरंगतोय आणि दोनदा धुतलेला बुडतोय. त्याच बादलीत मरून चादर बुडवून पाणी किती रंगलं तेही दाखवलं. थोडं रंगलं होतं. भाची म्हणाली, "मामा, हे काढून टाकू." मी ठेवलं. गडद रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटतोच. आधी दाखवलं तर नंतर भांडण होत नाही.

कारखान्यातलं शूटिंग मात्र सोपं नव्हतं. आमचा माल शहराच्या पूर्वभागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका कारखान्यातून येतो. मालक आमच्या घरच्यासारखे. मराठीत तेलुगू ठेक्याने बोलतात, पण मोबाईल काढला की गप्प. म्हणाले, "माग दाखव, मागावरची डिझाइन नको. आज तू टाकणार, पंधरा दिवसांत ती दुसरीकडे निघणार." बरोबरच होतं त्यांचं. जकार्डच्या, म्हणजे मागावरच विणून काढायच्या, नव्या डिझाइनवर त्यांनी पैसे घातलेले असतात. म्हणून आम्ही सगळ्यांकडे निघणारी जुनी मोराचीच डिझाइन घेतली, आणि नव्या मालाच्या वेळी फक्त धोटा, कांड्या नि कामगाराचे हात. भाचीला त्यावर सिनेमाचं गाणं टाकायचं होतं. पण आमचं बिझनेस अकाउंट असल्यामुळे इन्स्टाग्रामवर हवी ती गाणी मिळेनात. नाइलाजाने मागाचा खडखडाटच ठेवला. खाली पुण्यातल्या कुणीतरी लिहिलं: "या आवाजात झोपून मोठा झालो." असे बरेच निघाले. सोलापूर सोडून गेलेला माणूस हे आमचं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक. हे मला कुठल्याही जाहिरातीच्या 'टार्गेट'मध्ये सापडलं नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी एक वर्ष मूर्खपणा केला. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, म्हणून अण्णांच्या वहीतले नंबर भराभर भरले आणि नवा माल आला की पाठवत राहिलो. कुणाचंच उत्तर नाही. नंतर कळलं, समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतो. म्हणजे वर्षभर मी भिंतीशी बोलत होतो. आता बिल करतानाच विनंती करतो, "ताई, नंबर सेव्ह करता का, आत्ताच?" आणि करेपर्यंत पिशवी हातात देत नाही.

गूगलच्या नकाशावर दुकान टाकलं तेव्हा जागेची पिन चुकून मागच्या बोळात पडली. लातूरची एक मोठी गाडी त्या बोळात अडकली, पुढे जाता येईना, मागे येता येईना. चार जणांनी मिळून काढली. गाडीवाल्याने चादर घेतली नाहीच, एक स्टार मात्र दिला, आणि तो आम्हाला लागूच होता. पिन दुरुस्त केली आणि गाडी कुठे लावायची त्या जागेचा फोटो टाकला. आता लोक दुकानात शिरताना म्हणतात, "त्या फोटोतल्या जागी लावलीय गाडी, चालेल ना?" चादरींच्या फोटोंबद्दल असं कुणी बोलल्याचं आठवत नाही.

'घरपोच मोफत' असं एकदा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, त्याचीही फळं भोगली. डझनभर टॉवेलचं वजन पाच किलोही नसतं. पण खोका ४५ बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा. कुरियरवाले हे तीन आकडे गुणून पाच हजारांनी भागतात आणि १०.८ किलोचे पैसे लावतात. टॉवेल फुगतो, त्याला आपण काय करणार? आता दाबून पिशवीत शिवतो, आणि पोस्टमधून 'मोफत' हा शब्द गेला.

"मिलिटरी कॅम्पातून बोलतोय, दोनशे टॉवेल पाहिजेत" असा फोन आम्हालाही आला. हिंदी कडक, ओळखपत्राचा फोटो तयार. क्यूआर पाठवला: स्कॅन करा, ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल. मी यूपीआय पिनचे दोन आकडे टाकलेही होते. अण्णा गादीवरून ओरडले, "पैसे घ्यायला पिन कशाला लागतो रे?" अण्णांना स्मार्टफोन वापरता येत नाही, पण पैसा कुठून कुठे जातो ते कळतं. अशा फसवणुकीसाठी सरकारी हेल्पलाइनचा नंबर १९३० आहे. सोलापूरकराला तो पाठ करावा लागत नाही, इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं साल आहे.

तर नाशिकच्या ताई. चार चादरी घेतल्या. पैसे आले, पत्ता आला. मी गठ्ठ्यातल्या चार नव्याकोऱ्या घड्या काढून पॅक करायला घेतल्या, तेवढ्यात पुन्हा मेसेज:

"भाऊ, मुठीत धरली होती ती त्यातच असू द्या. सुरकुतीसकट."