तो आणि ते

फोन आला तेव्हा मी दुकानात एका पाणबुडी मोटारीचं जळकं वाइंडिंग काढत बसलो होतो. माझं पोट या तांब्याच्या तारेवर चालतं. साप धरणं हे त्यावरचं, पेट्रोल खिशातलं घालून. अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं या कामात हात चपळ लागतो. लागतो, पण खरं काम होतं फोनवर. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, मागं चौघं ओरडत असतात, आणि त्या गोंगाटातून मला ठरवायचं असतं की गाडीला किक मारायची, की 'दार उघडं ठेवा, जाईल त्याचा तो' म्हणून सांगायचं.

पलीकडं बाई होती. कृष्णाकाठचं गाव, इथून बारा किलोमीटर. आदल्या रात्री पाऊस कोसळलेला.

"दादा, लवकर या. लांबडं हाय घराम्होरच्या गटारीत."

आमच्याकडं बायाबापड्या सापाला साप म्हणत नाहीत. जनावर, लांबडं, किरडू. चावला तरी 'पान लागलं' म्हणायचं. नाव घेतलं की तो येतो अशी भीती. त्यामुळं फोनवरचा निम्मा वेळ या शब्दांच्या आत काय आहे ते हुडकण्यात जातो.

"केवढं हाय?"

"मनगटाएवढं जाड. डोस्कं वर काढतंय, परत पाण्यात जातंय."

"फणा काढलाय का?"

इथं मी चुकलो. ती जरा थांबली. मग म्हणाली, "व्हय, काढलाय वाटतं." आणि मागून कुणीतरी गडी ओरडला, "नाग हाय, नाग!"

माझ्या मनात मात्र दिवड. पाण्यातली दिवड चिडली की मान चपटी करते, आणि गाव तिला नाग ठरवून मोकळं होतं. तिला विष नसतं. म्हणून मी आरामात सांगितलं, लांब राहा, काठी लावू नका, येतो. समोरच्या गिऱ्हाइकाची मोटार बांधून दिली आणि मगच निघालो. पंधरा मिनिटं गेली त्यात.

पोचलो तर गटाराकाठी दोघं काठ्या घेऊन, एक जण खोरं घेऊन, आणि त्यांच्यामागं सगळी गल्ली. खोरंवाला म्हणाला, "बसलाय एक दणका. मेला बहुतेक तो."

गटार उघडं, वीतभर पाणी, खाली गाळ. मी हुक घालून गाळ चाचपला. सापाचं अंग हुकाला लागलं की ओल्या दोरासारखं दबतं आणि लगेच सरकतं. हे दबलं नाही. टक्क वाजलं. दगड असेल म्हणून हुक पुढं नेला, तर दगड हलला. आणि हातभर अंतरावर पाण्यातून एक काळपट नळी वर आली. टोकाला डुकराच्या मुस्काटासारखी दोन भोकं. फुस्स करून श्वास घेतला, पाण्याचे दोन थेंब उडाले. नळीच्या मागं डोळा होता. तो मिटला, परत उघडला.

सापाला पापणी नसते. तो झोपतो तेही उघड्या डोळ्यांनी आणि मरतो तेही. डोळा मिटला तसा मी हुक बाजूला टाकला.

पाणकासव होतं. याची मान लांब. सगळं अंग गाळात पुरून मान तेवढी वर काढली, की बघणाऱ्याला साप सोडून दुसरं काही सुचणारच नाही. त्या बाईचा काही दोष नव्हता. तिनं जे पाहिलं ते अगदी बरोबर सांगितलं होतं: डोकं वर येतं, आत जातं. श्वासाला वर यायचं ते. फणा मी घातला होता.

पाणकासव धरायला सापापेक्षा बेरकी. मान मागं वळवून पाठीपर्यंत आणतं आणि चावतं. तोंडात दात एक नाही, पण जबड्याची धार पक्कडीसारखी. म्हणून बाजूनं हात घालायचा नाही. मागून, मागच्या पायांच्या खाचेत बोटं रोवून उचलायचं. नखं ओरबाडतात, ओरबाडू द्यायची. मी उचलून वर धरलं आणि गल्लीतनं एक लांब 'आगं बया, कासव!' निघालं.

त्यानंतर जे झालं त्यासाठी हे लिहायला बसलोय.

काठीवाल्याच्या तोंडून मी स्वतः ऐकलं. मी येईपर्यंत 'तो बघ, तो फणा काढतोय, हाण त्याला' चाललं होतं. आता तोच म्हणाला, "कसं बघतंय बघा बिचारं. दमलंय वो." तो गेला, ते आलं. मराठीत लेकरू ते, वासरू ते, कोकरू ते, आणि कासवही ते. लांबडं आणि किरडू पण तेच म्हणा. पण तिथं नाव घ्यायची भीती असते, माया नसते. काठी हातात आली की लांबड्याचा साप होतो आणि साप कायम तो. मान तीच, डोळे तेच, शब्द तेवढा बदलला. पाच मिनिटांत एक आजी हळदीकुंकू घेऊन आली. खोरंवाल्यानं चप्पल काढून हात जोडले. देवळात शिरताना दगडी कासवाला जोडतो तसेच.

साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, तिथं निदान खाली भुई असते.

पाठीवर डावीकडं कवच फुटलं होतं आणि रक्त येत होतं. "कवच हाय की, त्याला काय लागतंय," असं निदान तिघांनी मला ऐकवलं. कवच म्हणजे कासवाचं घर नव्हे, की घातलं आणि काढलं. त्याच्या फासळ्या आणि मणका पसरून, जुळून ते झालेलं असतं. आत नसा आहेत, रक्त आहे. खोरं कवचावर बसलं म्हणजे बरगडीवर बसलं. सापाच्याही अंगात बरगड्याच बरगड्या, फक्त त्या सुट्या. त्यांना जोडलेल्या स्नायूंवर तर तो चालतो.

एक गुरुजी पुढं झाले आणि पोरांना समजावू लागले, की दोघंही सरपटणारेच, एकाच वर्गातले. मला राहवलं नाही. म्हटलं, सर्प या शब्दातच सरपटणं आहे, ते त्याला शोभतं; हे तर चार पायांवर चालतंय. आणि नात्याचंच म्हणाल तर जनुकं तपासणारे आता कासवाला मगरीच्या आणि पक्ष्यांच्या बाजूला बसवतात. सापापेक्षा तुमची कोंबडी त्याला जवळची. गुरुजींना ते आवडलं नाही. पुस्तकात नाही ते गुरुजींना आवडत नाही.

त्याहून वाईट होता तो मोबाइलवाला. वाकून पाय न्याहाळत होता. मला वाटलं फोटो काढतोय. हळूच विचारलं, "वीस नखं हायत का वो?" वीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं म्हणून चोरून विकलं जातं, हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. पाणकासवाला एका पायाला तीनच नखं असतात. "बारा," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. मी मोठ्यानं सांगितलं की वन्यजीव कायद्यात हे पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या यादीत आहे त्याच. पाळलं, विकलं तरी तुरुंग. गर्दी जरा पातळ झाली.

बादलीभर पाणी आणलं होतं कुणी प्रेमानं. नको म्हटलं. मार बसलेलं कासव पाण्यात मान वर धरू शकलं नाही तर बुडतं. ओल्या पोत्यात गुंडाळून नेलं.

वनखात्याच्या कचेरीत वही पुढं आली. रकाने: सापाची जात, विषारी की बिनविषारी, कुठं सोडला. कारकून पेन धरून बसला. 'सोडला'च्या पुढं काय लिहू म्हणाला. साप असता तर सही झाली असती आणि संध्याकाळी रानात गेला असता. कासवाला पंचनामा, पत्र, वरून फोन. दोन तास ते पोत्यात आणि मी बाकावर. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुऊन काठ जुळवले तेव्हा अंधार पडला होता. डावा डोळा तेव्हाच सुजून बंद झालेला. काठी मानेवर बसली असणार.

मी पंधरा मिनिटं आधी पोचलो असतो तर, हा हिशोब करून झाला. जास्त टोचतो तो प्रश्न. 'फणा काढलाय का' असं घाबरलेल्या माणसाला विचारलं की तो हो म्हणणारच. मागच्या गड्यानं माझ्याच प्रश्नातला नाग उचलला. आता मी विचारतो, जीभ आतबाहेर करतोय का? डोळे मिटतात का? माणसं चिडतात. साप आलाय आणि हा डोळे काय विचारतोय.

परवा त्या बाईचा फोन आला. "दादा, आमचं कासव कसं हाय?"

डावा डोळा गेला, बाकी खातंय, असं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं झाल्यावर इथंच आणून सोडणार न्हवं?"

मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, मोटार घेऊन.