डीबी नंतर बदला, आधी भिंतीतल्या तारा बघा

जुन्या घरात एसी लावला आणि फ्यूज उडायला लागला की सगळ्यांचा सल्ला ठरलेला, ते जुने किटकॅट फ्यूज काढून टाका आणि एमसीबीचा (लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांचा) बॉक्स, म्हणजे डीबी, बसवून घ्या. सल्ला चुकीचा नाहीये, पण अर्धा आहे. आणि या अर्ध्या सल्ल्यावर कितीतरी घरांत नवाकोरा डबा भिंतीवर बसतो आणि मागच्या तारा मात्र 40-50 वर्षांपूर्वीच्याच राहतात. आमच्या सांगलीच्या घराचं हे काम आम्ही यंदा जवळपास पूर्ण करून घेतलं, त्यात जे बघायला आणि शिकायला मिळालं ते सविस्तर लिहितेय, कारण जुनं घर आणि त्यात म्हातारे आईवडील अशी परिस्थिती बऱ्याच जणांची आहे.

घर बाबांनी 1978 ला बांधलं. तेव्हा घरात होतं काय तर 60 वॅटचे बल्ब, पंखे, रेडिओ आणि एक इस्त्री, सगळं एकदम चालू केलं तरी दीड किलोवॅटच्या पुढे जायचं नाही. आता नुसता दीड टनाचा एसीच साधारण दीड किलोवॅट किंवा थोडं जास्तच खातो, 15 लिटरचा गिझर 2 किलोवॅट, इंडक्शन 2 किलोवॅट, वॉशिंग मशीनचा हीटर चालू असला तर ते पण 2 च्या आसपास, शिवाय मायक्रोवेव्ह, पाण्याची मोटर, भावाच्या स्कूटरचा चार्जर. आणि हे सगळं नेमकं सकाळी सात ते नऊच्या मधे एकत्र येतं. 2 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या जवळपास, अशी दोन यंत्रं एका तारेवर आली की 17 च्या वर गेलोच. त्यात करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

आमच्याकडे मीटरच्या खाली लोखंडी मेन स्विच आणि त्याच्या शेजारी लाकडी बोर्डवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. किटकॅट मुळात वाईट वस्तू नाही, योग्य जाडीची तार टाकली तर तो आपलं काम करतो, पण रात्री लाईट गेली, घरात फ्यूजची तार नाही, मग कुठल्यातरी वायरीतला तांब्याचा तुकडा काढून दोन पदर पिळून लावले, हे प्रत्येक जुन्या घरात होतंच. आमचा स्वयंपाकघराचा किटकॅट बाहेर काढला तर एका बाजूची पितळी पट्टी काळीनिळी पडलेली आणि तिच्या भोवतीची पांढरी चिनी माती तपकिरी, आणि आत जी तार होती ती बघून आमचे वायरमन काका म्हणाले, ही तार जळायच्या आधी भिंत जळली असती.

आता एमसीबीचं. एमसीबी एसीचं किंवा फ्रिजचं रक्षण करायला नसतो, तो त्याच्या पुढच्या तारेचं रक्षण करायला असतो. तार किती करंट सोसू शकते त्यावरून एमसीबी ठरतो, यंत्रावरून नाही. त्यामुळे 16 अँपिअरचा सारखा पडतोय तर 32 चा टाका असं जर कोणी सांगितलं तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नका, प्लीज. आत दोन गोष्टी असतात, एक पट्टी जी तापून वाकते आणि हळूहळू चढलेल्या लोडला पाडते, आणि एक कॉइल जी शॉर्ट झाल्यावर क्षणात पाडते. तार दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) आणि एमसीबी 32 चा असेल तर तार तापून तिचं प्लास्टिक मऊ पडत राहील आणि एमसीबी आपला निवांत चालू राहील, त्याच्या हिशोबाने काही चुकलेलंच नाही.

म्हणून काकांनी डब्याला हात लावायच्या आधी घरातले सगळे बोर्ड उघडले. मी आधी म्हटलं होतं की बजेट कमी आहे तर या वर्षी डीबी करू, वायरिंग पुढच्या वर्षी. त्यावर ते म्हणाले, "ताई, नुसता डबा बदलून काय हुतंय? तारा त्याच हायत की." आणि बोर्ड उघडल्यावर पटलंच. पुढच्या दोन खोल्यांत लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, तीही ॲल्युमिनियमची. त्या काळात तांबं महाग आणि टंचाईचं, त्यामुळे ॲल्युमिनियम सर्रास वापरलेलं दिसतं. मागच्या खोल्या नंतर वाढवल्या तेव्हा तिकडे तांब्याच्या तारा पाईपातून भिंतीत गेल्या, आणि जिथे जुनं आणि नवं भेटतं तिथे ॲल्युमिनियम आणि तांबं सरळ एकमेकांना पिळून वर टेप मारलेला. ॲल्युमिनियमवर हवेने एक थर चढतो जो वीज नीट वाहू देत नाही, शिवाय तापलं की ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, गार झालं की आक्रसतं, असं रोज होत राहिलं की जोड सैल होतो, सैल झाला की अजून तापतो. आमच्या पॅसेजच्या बोर्डातला तो टेप बोटाने दाबला तर कडकडून तुटला आणि खालचं इन्सुलेशन हातात चुरा होऊन आलं. वरून बोर्ड एकदम व्यवस्थित दिसत होता, गेल्याच वर्षी नवीन स्विच बसवलेले.

मग ठरलं की सगळं काढायचं. लाईट-पंख्याला दीड, प्लगला अडीच, गिझर, एसी आणि इंडक्शनला प्रत्येकी स्वतंत्र 4 एमएम थेट डीबीपासून, आणि मीटरपासून डीबीपर्यंत 10 एमएम. अडीचवर सुद्धा एक एसी चालतो, पण आमच्याकडे लांबी जास्त होती आणि भिंत परत फोडायची इच्छा कोणालाच नव्हती. डब्यापेक्षा तारांचा खर्च कितीतरी जास्त आला हे खरंय, पण पैसे जायचे तर तिथेच जायला पाहिजेत.

अर्थिंगची गोष्ट तर प्रत्येकाने आपल्या घरी आजच तपासावी अशी आहे. जुन्या घरांमध्ये बऱ्याच ठिकाणी अर्थची तार पाण्याच्या लोखंडी जीआय पाईपला बांधलेली असायची, पाईप जमिनीत जातो म्हणून अर्थ मिळायचा. आमची पण तशीच होती. मधे कधीतरी पाईप गंजले म्हणून प्लंबरने सगळी लाईन प्लास्टिकची केली, आणि त्या दिवशी घरातला अर्थ संपला. कोणाला कळलंच नाही. तीन पिनांचे सॉकेट तसेच, त्यातली तिसरी पिन तशीच, मागची हिरवी तार पण जागेवर, फक्त ती एका तुटक्या पाईपाच्या टोकाला जाऊन थांबलेली. आई म्हणायची फ्रिजला ओला हात लागला की मुंग्या येतात, ते यामुळेच.

आता परसात नवीन खड्डा घेतला, पाईप आत सोडून भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला झाकण. आमची काळी जमीन ओल धरून ठेवते त्यामुळे रीडिंग छान आलं, तरी उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायला सांगितलंय.

यानंतर आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच तो बघत असतो, फरक 30 मिलीअँपिअरच्या आसपास गेला की पाडतो, कारण तो फरक म्हणजे करंट कुठूनतरी गळतोय, कदाचित माणसाच्या अंगातून. काही जण म्हणतात आरसीसीबी आहे ना मग अर्थिंग कशाला. अर्थ नसला तरी आरसीसीबी चालतो हे बरोबर, पण मग गिझरची बॉडी लाईव्ह झाली तरी कोणीतरी हात लावेपर्यंत त्याला कळणारच नाही. अर्थ असेल तर गळती सुरू झाल्या झाल्या पडतो. माझ्या आईवडिलांच्या हाताने ती टेस्ट व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. आणि उलट बाजूने, नुसता आरसीसीबी ओव्हरलोड पकडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच.

आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. सगळं जोडून आरसीसीबी वर केला की खटकन खाली. एकेक सर्किट बंद करून बघितलं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघितला, तारा एकदम ठीक. शेवटी सापडलं ते जिन्यात. जिन्याचा दिवा खालून-वरून दोन्हीकडून लागतो, तो भाग मूळच्या पाईपातला म्हणून बदलायचा राहिला होता, आणि त्याचा फेज (करंट आणणारी तार) खालच्या सर्किटवरून आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) वरच्या मजल्याच्या सर्किटवरून घेतलेला. किटकॅटच्या काळात याने काहीच बिघडत नव्हतं, न्यूट्रल सगळा एकच. पण आम्ही खाली-वर दोन वेगळे आरसीसीबी घेतलेत, मग एकातून गेलेला करंट दुसऱ्यातून परत आला की दोघांना वाटणार गळती आहे. इन्व्हर्टरचं पण तेच, त्याचा न्यूट्रल घराच्या कॉमन न्यूट्रलला जोडलेला होता, तो वेगळा काढावा लागला. इथे खूप ठिकाणी काय होतं, कारण सापडत नाही आणि वायरमन आरसीसीबी बायपास करून निघून जातो, "जुन्या घराला हे चालत नाही" म्हणून. चालतं. शोधायला वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळेचे पैसे आपण न कुरकुरता द्यायला पाहिजेत.

सांगलीकरांसाठी एक वेगळा मुद्दा. 2005, 2019, 2021 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीकडे बघत आपण काय काय दिवस काढलेत ते सांगायला नको. 2019 ला आमच्या खालच्या बोर्डांत पाणी होतं, आणि नंतर वाळवून तेच परत वापरले गेले, सगळ्या गल्लीत तसंच झालं. पाण्यात बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी वाळवून वापरायचा नसतो, आत गाळ आणि गंज राहतो आणि नेमक्या वेळी तो पडेलच याची खात्री राहत नाही. आता डीबी 2019 च्या खुणेच्या वर घेतलाय, खालच्या मजल्याचे सॉकेट पण जमेल तेवढे वर घेतले, आणि खालचा मजला वेगळ्या आयसोलेटरवर आहे म्हणजे पाणी चढायला लागलं की तो बंद करून वरची लाईट चालू ठेवता येते. अर्थात महावितरणने सप्लाय चालू ठेवला असेल तर.

लोड वाढवायचं पण विसरू नका. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा, आमचा कधीचा तेवढाच राहिलेला. अर्ज ऑनलाइन करता येतो, सोबत लायसन्स असलेल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. थ्री फेज घ्यावा का यावर घरात बरीच चर्चा झाली, त्याचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त आहे आणि आमचं सगळं एकदम चालत नाही, म्हणून सध्या सिंगल फेजच ठेवला. उद्या चारचाकी इलेक्ट्रिक घेतली आणि 7 किलोवॅटचा चार्जर लावायचा झाला तर मात्र घराचा एकूण लोड वाढून थ्री फेज घ्यावा लागू शकतो, त्यासाठी डब्यात रिकामी जागा आणि गेटपर्यंत रिकामा पाईप टाकून ठेवलाय.

डीबीच्या दाराच्या आत मराठीत ठळक अक्षरात लिहून चिकटवलंय, कुठला खटका कशाचा, आणि आरसीसीबीच्या टी बटणाखाली "महिन्यातून एकदा दाबा". बाबा दर एक तारखेला दाबतात. बोअरच्या मोटरची लाईन आणि जुना स्टार्टर राहिलाय, पाऊस संपला की ते काम, तोपर्यंत मोटर चालू असताना त्या भागात कोणी ओल्या पायाने जायचं नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.