आमची वाटचाल : तीन चाकं आणि बोळातला चढ

वडिलांचं कोल्हापुरात सायकलचं दुकान होतं. तासाच्या भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायची, दिवाळीच्या सुट्टीआधी ओव्हरहॉलिंगची रांग लागायची. मी आयटीआय करून उद्यमनगरात लेथवर लागलो आणि पुढं स्वतःचं वर्कशॉप टाकलं. एक लेथ, एक वेल्डिंग सेट, मी आणि दोन पोरं. बाहेरून येणारे जॉब करायचे : शाफ्ट, बुश, पुली. तीनचाकी सायकलला मोटार बसवायचं काम आम्ही शोधत गेलो नव्हतो, ते चालत दारात आलं.

मंगळवार पेठेत राहणाऱ्या, मला चौथीत शिकवलेल्या बाई एक दिवस वर्कशॉपवर आल्या. मुलानं त्यांना मोठ्या माणसांसाठीची तीनचाकी सायकल घेऊन दिली होती, मागं जाळीची मोठी टोपली असलेली. सपाटीवर ती छान चालायची. पण कपिलतीर्थ मंडईतून भाजी आणि वाटेत गिरणीतून दळण घेतलं की घराजवळच्या बोळातला चढ निघत नव्हता. गुडघे दुखायचे. उतरून ढकलायचं म्हटलं तर शेजारून चालताना मागचं चाक टाचेला लागतं. बाई म्हणाल्या, "अरे, मला कुठं पळायचंय? तेवढा चढ काढून दे."

पहिल्यांदा आम्ही सोपा मार्ग धरला : पुढच्या चाकात हब मोटार, म्हणजे चाकाच्या मधोमधच बसणारी मोटार. चाक बदललं, वायर ओढली, तासाभरात सायकल तयार. पण तीनचाकीचं सगळं वजन मागं असतं. पहिल्याच पावसात चढावर पुढचं चाक जागेवर गरगर फिरायला लागलं. नंतर तर मोटारीचा आस चिमट्याच्या खाचेतच फिरला आणि वायर पिळवटून तुटली. नशिबानं बाई तेव्हा थांबलेल्या होत्या. ती सायकल परत आणली त्या रात्री मला झोप लागली नाही. आस धरून ठेवणारी पट्टी टाकून तो दोष निघतो, पण वजन पुढं कसं आणणार?

मग कागद घेऊन बसलो. बाई, सायकल, बॅटरी आणि सामान मिळून ११० किलो. पंधरा फुटाला एक फूट असा चढ, वेग ताशी ८ किलोमीटर. हिशेब १९० वॉटच्या आसपास आला. म्हणजे २४ व्होल्टची, २५० वॉटची गिअर असलेली मोटार पुरते, फक्त ताकद मागच्या आसावर द्यायला हवी. या मोटारीच्या गिअरमधून मिनिटाला २८०च्या आसपास फेरे बाहेर पडतात. मोटारीवर ९ दात्यांचं चक्र असतं. मागं १८ दात्यांचं फ्रीव्हील लावलं की २४ इंची चाकाला ताशी १६ किलोमीटर वेग मिळतो, २२ दात्यांचं लावलं की १३. आम्ही २२ घेतलं. वेग गेला, चढावरची ओढ वाढली. फ्रीव्हील आसावर बसवायचा फ्लँज आमच्याच लेथवर फिरवला. फ्रीव्हील असल्यामुळं मोटार बंद असताना पायडल मारलं तरी मोटार ओढावी लागत नाही.

वेगाबद्दल मी आजही हट्टी आहे. तरुण गिऱ्हाइकं येतात, म्हणतात, वीसपर्यंत करून द्या की. मी नाही म्हणतो. दुचाकी वळणावर कलते, तीनचाकी कलत नाही. मागच्या दोन चाकांत जेमतेम दोन-अडीच फूट अंतर, वर टोपलीत भार. वेगात हँडल वळवलं की आतलं चाक उचलतं. साठी-सत्तरीच्या माणसाला आडवं पाडणारी गाडी माझ्या हातून बाहेर जाणार नाही.

याच काळजीपोटी, पायडल फिरलं की मोटार चालू करणारा सेन्सर आम्ही काढून टाकला. पाय थांबल्यावरही मोटार क्षणभर ओढत राहते आणि मंडईच्या गर्दीत तो क्षण जड जातो. अंगठ्यानं दाबून मोटार चालवायचा थ्रॉटल ठेवला, दोन्ही ब्रेक लिव्हरना मोटार तोडणारे स्विच दिले आणि चढावर उभी करायला लॉक होणारा ब्रेक. हा लॉक लोक विचारत नाहीत, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाजी घ्यायला उतरलं आणि सायकल मागं सरकली तर काय?

२०२१च्या जुलैमधल्या पुरानं आणखी एक धडा दिला. शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाची सायकल तळमजल्यावर दोन दिवस पाण्यात होती. मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरवणारी पेटी, म्हणजे कंट्रोलर, आम्ही टोपलीखाली बसवला होता. तो गेला, दोन्ही लेड-ॲसिड बॅटऱ्याही गेल्या. तेव्हापासून कंट्रोलर सीटखाली, उंच. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, कडी काढून वर घरात नेता येणारी. जुन्या जोडीचं आठ किलो वजन होतं, ही तीन-साडेतीन किलोत बसते. एका चार्जिंगला अर्धं युनिटही लागत नाही.

लायसन लागतं का, हा प्रश्न रोज येतो. केंद्रीय नियमांत २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी आणि अधिकृत चाचणी संस्थेनं तपासलेली बॅटरीची गाडी मोटार वाहन धरली जात नाही. मोटार २५० वॉटच्या आत राहावी म्हणून कंट्रोलरचा करंट आम्ही आधीच कमी ठेवलाय. ती तपासणी मात्र आमची अजून व्हायची आहे आणि हे मी प्रत्येकाला पैसे घेण्याआधी सांगतो. सध्या पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेकडं जाण्यासाठी नकाशे आणि कागद जुळवतोय.

गेल्या महिन्यात बाईंची सायकल मागचे टायर बदलायला आली होती. टोपलीच्या जाळीत दळणाचं पीठ साचलं होतं. ते झटकलं, चेनला तेल दिलं, ब्रेकची तार ओढून घेतली आणि संध्याकाळी मीच चालवत, बोळातल्या चढानं, नेऊन दिली.